आधी दात की आधी जबडा?

पत्र : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याचे ८ पक्के दात हाडात तयारच झालेले नाहीत, असं एक्स-रेमध्ये दिसलं. वरच्या पटाशीच्या दातांच्या शेजारचे दोन, खालचे अगदी मधले दोन आणि चारही बाजूंच्या दुसऱ्या उपदाढा. दुधाच्या तीन दाढा अजून तोंडात आहेत. त्यातली एक शेजारच्या दातांपेक्षा खाली बसल्यासारखी दिसते. वरचा जबडाही मागे राहिला आहे, त्यामुळे तोंड मिटलं की खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. माझ्या नवऱ्याचे दोन दात कधी आलेच नाहीत आणि सासऱ्यांना ऐन पस्तिशीत कवळी लागली होती. तीन डॉक्टरांना दाखवलं. पहिले म्हणाले, दुधाच्या दाढा काढून इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे कृत्रिम दात, बसवून टाका. दुसऱ्या म्हणाल्या, तारा लावून सगळ्या फटी बंद करू. तिसरे म्हणाले, १८ पूर्ण होईपर्यंत काही करू नका, मग जबड्याचं ऑपरेशन करू. कुणाचं ऐकू? गरोदरपणात माझ्याकडून काही कमी पडलं का? धाकटी ६ वर्षांची आहे, तिचं काय? जपानमध्ये दात उगवण्याचं औषध निघालंय म्हणतात, त्यासाठी थांबावं का? मुलगा फोटोत तोंड उघडत नाही, हसताना हात आडवा धरतो. नवरा या विषयावर बोलतच नाही.
– एक आई

ताई,

तुम्ही मध्येच, जरा ओशाळून विचारलेला प्रश्न आधी घेतो. गरोदरपणात तुमच्याकडून काहीही कमी पडलेलं नाही. दात तयार व्हायचे की नाहीत, याचा हुकूम जनुकांतून सुटतो. तुमच्या मुलाच्या ज्या उपदाढा नाहीत, त्यांची घडण तर एरवीही बाळ जन्मल्यानंतरच सुरू होते. तुमच्या खाण्यापिण्याचा, औषधगोळ्यांचा किंवा धावपळीचा त्यांच्याशी संबंध जोडू नका.

अक्कलदाढा सोडून १ ते ५ पक्के दात जन्मतः नसतील तर त्याला हायपोडोन्शिया म्हणतात, ६ किंवा त्याहून जास्त नसतील तर ऑलिगोडोन्शिया. एखाददुसरा दात नसणारी माणसं शंभरात पाचसहा तरी सापडतात; बहुतेकांना ते कुणी सांगेपर्यंत ठाऊकही नसतं. आठ नसणं मात्र विरळा. १९९६मध्ये एमएसएक्स-१ आणि २०००मध्ये पॅक्स-९ या जनुकांतले बदल अशा घराण्यांमध्ये सापडले, पुढे डब्ल्यूएनटी-१०ए आणि इतरही काही. पुष्कळ घरांत हा बदल एकाच पालकाकडून उतरतो आणि दर अपत्याच्या वेळी तो पुढे जाण्याची शक्यता निम्मी असते. गंमत अशी की बदल तोच असला तरी त्याचा परिणाम माणसागणिक वेगळा दिसतो. बापाचे दोन दात गायब, मुलाचे आठ, आणि एखाद्या आत्याचा फक्त एक दात बारीक, खिळ्यासारखा निमुळता. म्हणून आता हा दोष तुमच्या डोक्यावरून उचलून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवू नका. त्यांनीही तो निवडून घेतलेला नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. मुलाला घाम नीट येतो का? केस फार विरळ, नखं चिरलेली किंवा पातळ आहेत का? चार्ल्स डार्विनने सिंधमधल्या एका कुटुंबाची नोंद करून ठेवली आहे : चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस जवळजवळ नाहीत आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलांत पुन्हा तेच. आज आपण याला एक्टोडर्मल डिस्प्लेसिया म्हणतो. त्यात घामाच्या ग्रंथीच अपुऱ्या असतात, त्यामुळे दातांपेक्षा उष्णतेचा धोका मोठा असतो. तुमच्या पत्रात तसं काही नाही, तरी डॉक्टरांनी विचारलं नसेल तर तुम्हीच सांगा. घरात कुणाला तरुण वयात मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. ॲक्सिन-२ नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या एका फिनिश कुटुंबात या दोन्ही गोष्टी एकत्र आढळल्या होत्या. हे घाबरवायला सांगत नाही. जनुकतज्ज्ञाकडे जायचं की नाही, हे अशाच माहितीवरून ठरतं.

आता तीन डॉक्टर. मी मुलाचे एक्स-रे पाहिलेले नाहीत, त्यामुळे जे लिहितो ते तुमच्या वर्णनावर बेतलेलं आहे. पण पहिल्या सल्ल्याबद्दल मला फारसा संकोच नाही : १४व्या वर्षी, वाढत्या जबड्यात, त्या जागी इम्प्लांट नको.

कारण समजून घ्या, म्हणजे पुन्हा कुणी आग्रह केला तर तुम्हाला ठामपणे बोलता येईल. खरा दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दोघांच्या मध्ये तंतूंचा एक पातळ पदर असतो आणि त्याच्या जोरावर दात वाढत्या हाडाबरोबर सरकत राहतो. इम्प्लांटला असा पदर नसतो, तो हाडात घट्ट रुजतो. भरतीचं पाणी चढतं तशा होड्या वर येतात, पण तळात ठोकलेला खुंट आहे तिथेच राहतो आणि हळूहळू पाण्याखाली जातो. इम्प्लांटचं तसंच होतं. चार वर्षांनी शेजारचे दात पुढे गेलेले आणि हा मागे, खाली, हिरडीत बुडालेला. आणि याचा पुरावा तुमच्या मुलाच्या तोंडातच आहे! ती जी दुधाची दाढ खाली बसल्यासारखी दिसते, ती खाली गेलेली नाही. तिचं मूळ हाडाला चिकटलंय आणि बाकीचे दात वर चढलेत. ज्यांनी इम्प्लांट सुचवलं त्यांना ती दाढ दाखवा आणि विचारा, इम्प्लांटचं काही वेगळं होईल का?

(अपवाद असतो. ज्या मुलांच्या खालच्या जबड्यात जवळजवळ एकही दात नाही, त्यांना खाली पुढच्या भागात लहान वयातही इम्प्लांट देतात, कारण कवळीला धरायला दुसरं काही नसतं. तुमच्या मुलाची गोष्ट ती नाही.)

दुधाच्या दाढा काढायच्या सल्ल्याचा तर मला रागच येतो. खाली पक्का दात नसला तर दुधाच्या दाढेची मुळं बऱ्याचदा झिजत नाहीत, झिजली तरी फार हळू. विशीपर्यंत टिकलेली अशी दाढ पुढेही बरीच वर्षं काम देते; चाळिशीतली माणसं दुधाच्या दाढेने चावताना मी पाहिली आहेत. शिवाय ती हाड राखून ठेवते. दाताच्या भोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात नाही तिथे ते वाढत नाही, आणि दात काढला तर आहे तेही आकसतं, धारेसारखं अरुंद होतं. आज दाढ काढली तर १८व्या वर्षी इम्प्लांट रोवायला जागाच उरणार नाही, मग आधी हाडाचं कलम करा. म्हणून त्या तिन्ही दाढा जपा. फ्लोराइडचा लेप, वेळेवर सिमेंट, रात्रीचं ब्रशिंग, सगळं पक्क्या दातांइतकंच काटेकोर. खाली राहिलेल्या दाढेचं थोडं वेगळं आहे. फरक एखाद-दोन मिलिमीटर असेल तर वरून कंपोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या सिमेंटची, भर घालून तिला शेजाऱ्यांच्या उंचीला आणता येतं. पण ती फार मागे पडत गेली आणि शेजारचे दात तिच्यावर कलू लागले, तर ती काढावी लागते. दर सहा महिन्यांनी एकाच कोनातून फोटो आणि मोजमाप, त्यावर ठरतं. एका भेटीत, नुसतं बघून ठरत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांच्या तारा. फटी दात सरकवून बंद करणं हा उत्तम उपाय आहे, पण योग्य माणसासाठी. वरचे बाजूचे दोन पटाशीचे दात नसतील तर सुळे पुढे आणून, घासून आणि कंपोझिटने आकार देऊन त्यांच्या जागी बसवता येतात. कृत्रिम काहीच लागत नाही, आयुष्यभराची देखभाल वाचते. मलाही हा उपाय मनापासून आवडतो. पण तुमच्या मुलाचा वरचा जबडा आधीच मागे आहे. वरच्या फटी बंद करायच्या तर पुढचे दात आणखी आत ओढले जाण्याची भीती, आणि मग खालचे दात आणखी पुढे दिसणार. त्याच्या बाबतीत वरच्या फटी राखून, नीट मापाच्या करून ठेवणं बहुधा शहाणपणाचं ठरेल.

इथे एक गोष्ट कळीची आहे आणि ती पालकांना क्वचितच कुणी समजावून सांगतं. जबड्यातला फरक तारांनी झाकायचा असेल तर वरचे दात बाहेर कलवतात आणि खालचे आत. जबड्याचं ऑपरेशन करायचं असेल तर नेमकं उलटं करतात : प्रत्येक दात आपापल्या जबड्यावर सरळ उभा करतात. त्यामुळे ऑपरेशनच्या आधीचे काही महिने चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, चावणंही बिघडतं, आणि मग ऑपरेशनमध्ये जबडे जागेवर आले की दात बरोबर जुळतात. म्हणजे तारा कोणत्या दिशेने ओढायच्या हे ऑपरेशन होणार की नाही यावर अवलंबून आहे. ते ठरवल्याशिवाय पूर्ण तारा लावल्या, तर दोन वर्षं एका बाजूला ओढायचं आणि पुढची दोन उलट्या बाजूला. मुलाचा धीर सुटतो, मुळंही झिजतात.

आणि ऑपरेशन लागेलच हेही मी गृहीत धरणार नाही. ज्यांचे बरेच दात नसतात त्यांचा जबडा मिटताना वाजवीपेक्षा जास्त मिटतो, कारण अडवायला पुरेसे दात नसतात. आणि जास्त मिटताना खालचा जबडा गोल फिरून पुढे येतो. अशा वेळी हनुवटी आहे त्यापेक्षा पुढे दिसते. दाढांवर तात्पुरती उंची देऊन तोंड योग्य जागी थांबवलं आणि मग बाजूने पाहिलं, तर फरक कधी निम्म्यावर येतो. ही चाचणी सोपी आहे, वेदनारहित आहे. झाली का, विचारा. वरचा जबडा पुढे ओढण्याचे उपायही असतात. चेहऱ्यावर लावायचा मुखवट्यासारखा पट्टा दहाच्या आत सुरू केला तर जास्त गुण देतो, ती वेळ गेली. हाडात छोट्या पट्ट्या बसवून रबरांनी ओढण्याची पद्धत मात्र थोड्या मोठ्या मुलांत वापरतात. १४ हे तिचं जवळजवळ शेवटचं टोक आहे, म्हणून हा प्रश्न या महिन्यात विचारा, पुढच्या वर्षी नको.

तिसऱ्या डॉक्टरांचं ऑपरेशनच्या वयाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. मुलग्यांचा खालचा जबडा उशिरापर्यंत वाढतो, १८च काय, कधी कधी २०-२१पर्यंत. आधी ऑपरेशन केलं आणि जबडा वाढतच राहिला, तर सगळं पुन्हा करावं लागेल. वाढदिवसाच्या तारखेवर विसंबण्यापेक्षा सहा महिने ते वर्षाच्या अंतराने डोक्याचे बाजूने घेतलेले एक्स-रे एकावर एक ठेवून बघतात. दोनांत फरक दिसेनासा झाला की वाढ थांबली. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, तोंडाच्या आतूनच होतं. वरचा जबडा पुढे आणायचा असेल तर नाकाखाली आडवा छेद घेऊन हाड मोकळं करतात आणि नव्या जागी टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी बसवतात. त्या छेदाला ल फोर्त हे नाव आहे. १९०१मध्ये चेहऱ्याचं हाड कोणत्या रेषांवर मोडतं हे मांडणाऱ्या फ्रेंच सर्जनचं ते. मोडण्याच्या रेषेवरच पुढच्यांनी दुरुस्ती बेतली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, मग उतरते. सहा आठवडे मऊ जेवण. खालच्या जबड्यावरही काम झालं तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची जाणीव काही महिन्यांत परत येते, काहींची थोडी कायमची कमी राहते. ही शेवटची गोष्ट मुलाला आधी, सही करण्यापूर्वी, स्पष्ट सांगायला हवी.

‘काही करू नका’ हे मात्र मला पटत नाही. १४ ते १८ ही चार वर्षं मुलाच्या आयुष्यातली केवढी मोठी! या काळात त्याला हसता आलं पाहिजे. वरच्या दोन फटींसाठी रिटेनरवर, म्हणजे टाळूला बसणाऱ्या पातळ साच्यावर, बसवलेले दात देता येतात, काढघालीचे. किंवा शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला एका पंखाने चिकटवलेला दात. त्यासाठी दात घासावा लागत नाही किंवा अगदी नावापुरता लागतो. पंख एकाच बाजूला असावा, कारण दोन्हीकडे चिकटवला की एक बाजू नकळत सुटते आणि आत कीड लागते. हा दात कधी तरी निघून हातात येईल. घाबरायचं नाही, जपून ठेवायचा, परत चिकटवतात. कुठल्या आधी, कुठल्या नंतर, हे तारांच्या योजनेवर ठरेल, पण ‘आज काही तरी’ मिळायलाच हवं.

शेवटचा टप्पा, म्हणजे इम्प्लांट, जबडे जागेवर बसल्यानंतर. आठ दात नाहीत म्हणून आठ इम्प्लांट लागत नाहीत. खाली मधल्या दोघांसाठी अरुंद जागेत दोन इम्प्लांट दाटीवाटीने रोवण्यापेक्षा पंखाचे दात बरे. वरच्या पुढच्या दोघांनाही मी विशीच्या मध्यापर्यंत पंखावरच ठेवायला सांगेन, कारण पुढचे दात मोठेपणीही किंचित सरकत राहतात आणि तिथला अर्धा मिलिमीटरही दिसतो. दुधाच्या दाढा जिथे टिकतील तिथे काहीच नको. हाड कमी असेल तर खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून किंवा हनुवटीतून तुकडा घेऊन कलम करतात, ते मुरायला चार ते सहा महिने, मग इम्प्लांट. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड आजारी पडू शकतं, म्हणून स्वच्छता आणि तपासणी जन्मभराची. सिगारेट नाही. १४ वर्षांच्या मुलाला हे आत्ताच कानावर घातलेलं बरं.

टिकतं का? स्वीडनमधल्या गॉटेनबर्ग इथे १९६५मध्ये पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट रोवले. तो पहिला रुग्ण जन्मतःच जबड्याचं व्यंग असलेला, खाली दात नसलेला होता. २००६मध्ये तो वारला तेव्हा ते चार इम्प्लांट तोंडात काम करत होते. म्हणजे या उपचाराची सुरुवातच तुमच्या मुलासारख्या माणसापासून झाली आहे.

जपानची बातमी खरी आहे, पण तिचा अर्थ लोक लावतात तसा नाही. दाताची वाढ रोखणारं एक प्रथिन अडवायचं, अशी त्या औषधाची कल्पना. क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०२४मध्ये माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली, तीही प्रौढ पुरुषांवर आणि मुख्यतः औषध सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी. उद्या ते यशस्वी झालं तर आनंदच आहे. तुमची योजना त्यावर टांगून ठेवू नका. दुधाच्या दाढा आणि हाड जपलंत तर कुठलाच दरवाजा बंद होत नाही.

धाकटीसाठी : सहा-सात वर्षांच्या सुमारास ओपीजी, म्हणजे सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, काढा, त्यात बहुतेक कळेल. खालच्या दुसऱ्या उपदाढा उशिरा दिसतात, त्यामुळे त्या दिसल्या नाहीत तर आठ-नऊपर्यंत वाट पाहून पुन्हा बघा, लगेच ‘नाहीच’ म्हणू नका. तिचा जबडा भावासारखा मागे राहतोय असं वाटलं तर मात्र तारांच्या तज्ज्ञांकडे लगेच. तिच्यासाठी चेहऱ्यावरच्या पट्ट्याची वेळ अजून आहे.

मग ऐकायचं कुणाचं? एकट्यादुकट्याचं नको. तारांचे तज्ज्ञ, जबड्याचे सर्जन आणि कृत्रिम दात बसवणारे प्रोस्थोडॉन्टिस्ट, तिघांनी एकाच टेबलाभोवती, तेच एक्स-रे समोर ठेवून बसायला हवं. मोठ्या दंत महाविद्यालयांत हे तिन्ही विभाग एकाच इमारतीत असतात. तिथे संयुक्त तपासणी मागा. त्यांना सांगा, विसाव्या वर्षी याच्या तोंडात कोणता दात कुठे असेल ते आधी मेणाच्या नमुन्यावर मांडून दाखवा, आणि तिथून मागे येत आज काय करायचं ते सांगा. या कामात बहुतेक घोटाळे हातातल्या कौशल्याअभावी होत नाहीत, क्रम चुकल्याने होतात. मुलालाही खोलीत बसू द्या. त्याला विचारा, तुला सर्वांत जास्त काय सलतं? तो कदाचित जबड्याचं नावही काढणार नाही, फक्त पुढची फट म्हणेल. मग ती फट आधी.

राहता राहिले तुमचे यजमान. ते बोलत नाहीत म्हणता. दोन दात नसलेल्या तोंडाने, वडिलांची कवळी बघत ते मोठे झाले. हात आडवा धरून हसणं त्यांनाही माहीत असणार. पुढच्या भेटीला मुलाबरोबर तुम्ही जाऊ नका, त्यांना पाठवा. जाताना त्यांचाही एक ओपीजी काढून न्यायला सांगा. डॉक्टर तो मागणारच आहेत.